ब्रेक एका बाजूला ओढतोय : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वस्तादांच्या हाताखाली मी सात वर्षं काढली. पहिलं वर्ष नुसते पार्ट डिझेलमध्ये धुण्यात गेलं. धुताना वस्ताद विचारायचे, "हे बेअरिंग कशानं गेलं, सांग बघू." सांगता येईपर्यंत नवीन बेअरिंगला हात लावू द्यायचे नाहीत. आज शिरोलीत आमचं स्वतःचं ट्रॅक्टर गॅरेज आहे, चार पोरं कामाला आहेत, आणि त्यांनाही मी हाच प्रश्न विचारतो.

सुरुवात भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, एका चेन ब्लॉकवर (जड पार्ट उचलायची साखळीची कप्पी) झाली. गिऱ्हाईक बेताचंच. आमच्यावर लोकांचा विश्वास बसला तो एका ब्रेकच्या कामामुळं.

ऐन गळीत हंगाम. हातकणंगल्याकडचे एक मामा जुना, कोरड्या डिस्क ब्रेकचा (म्हणजे डिस्कला तेल लागायला नको असा) ट्रॅक्टर घेऊन आले. "ब्रेक दाबला की डावीकडं वढतोय. वर्षात तीनदा लायनर (ब्रेकचं घासणारं अस्तर) बदललं. चौथं टाका आन् सोडा, फडावर टोळी बसून हाय."

डावीकडं ओढतोय म्हणजे उजवा ब्रेक धरत नाही. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचं ब्रेक पेडल वेगळं असतं; दोन्ही जोडणारी पट्टी सोडवली, उजवं चाक जॅकवर उचललं आणि पोराला उजवं पेडल दाबायला सांगितलं. चाक हातानं फिरलं. उजवा ब्रेक खोलला तर डिस्क तेलानं माखलेली. आतलं ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) गेलंय, हे कोणीही सांगेल. पण सीलही नवंच होतं! मग बुल पिनियन शाफ्ट (चाकाकडं ताकद नेणारा, ब्रेकची डिस्क बसते तो दांडा) धरून वरखाली हलवला. शाफ्ट हलला. बेअरिंग झिजल्यामुळं शाफ्ट डुलत होता, सीलचा ओठ एका बाजूनं खात होता, आणि तिथून गिअरचं तेल ब्रेकवर उतरत होतं. तीन जोड लायनर नाहक वाया गेले होते.

मामा चिडले. ट्रॅक्टर उभा म्हणजे टोळी बसून, ते मलाही कळत होतं. पण दोन ट्रॉल्या भरून ऊस कारखान्यावर निघतो, तेव्हा ट्रॉल्यांना बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर. उतारावर एकच चाक धरलं तर ट्रॅक्टर आडवा होतो. रात्रभर जागून बेअरिंग, सील, डिस्क सगळं बदललं, दोन्ही पेडलांचा प्ले (ब्रेक धरायच्या आधीची मोकळी चाल) सारखा केला, रस्त्यावर पट्टी लावूनच चालवायचं म्हणून बजावलं आणि सकाळी गाडी दिली. पुढच्या महिन्यात त्यांच्या गावातून सहा ट्रॅक्टर आले.

आवाजाचंही तसंच. क्लच दाबल्यावर आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारं) बघावं. न्यूट्रलमध्ये येणारा आवाज क्लच दाबताच थांबला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (इंजिनाकडून ताकद आत आणणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग. फक्त वळताना येत असेल तर डिफरन्शिअल (वळताना दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची जोडणी). ऑइल ब्रेकचा (डिस्क तेलात बुडालेल्या असतात तो) ट्रॅक्टर ब्रेक लावताना किंचाळत असेल तर आधी कुठलं तेल घातलंय ते विचारावं. स्वस्तातलं साधं गिअर ऑइल निघण्याची शक्यता मोठी. एवढं ऐकून-विचारून घेतलं तर निम्मे ट्रॅक्टर फोडावे (मधून सुटे करून उघडावे) लागत नाहीत. फोडला नाही तर मजुरी कमी मिळते, ते मला चालतं.

2019 च्या महापुरात चिखली-आंबेवाडीपासून शिरोळपर्यंत ट्रॅक्टर पाण्याखाली गेले. आम्ही ओळखीच्या प्रत्येकाला फोन केला : स्टार्टर मारू नका. गिअरबॉक्सचं तेल काढलं तर दुधाच्या चहासारखं. ते काढायचं, आत धुऊन घ्यायचं, नवीन तेल भरून बिनभाराचा चालवायचा, पुन्हा ते तेल काढायचं. घाईनं चालू केलेल्यांची बेअरिंगं पुढं काही महिन्यांत गंजून घरघरू लागली. बरीच बिलं उधारीवर राहिली. गोठे वाहून गेलेल्यांकडं मागायची कशी? 2021 ला पाणी पुन्हा चढलं, तेव्हा लोकांचेच फोन आले, "दादा, चालू केला न्हाई, कधी येताय?"

मामांचा तोच ट्रॅक्टर परवा क्लच प्लेटसाठी आला होता. कोणी सांगितलं नव्हतं, तरी मी उजवा ब्रेक खोलून बोट फिरवलं. डिस्क कोरडी होती.