आमची वाटचाल : आधी पंखा, मग मोटर

सुरुवातीला आमच्याकडे मोटरचं कामच नव्हतं. प्लायवुडचे सांगाडे कापायचे, फायबरचे हल, म्हणजे बोटीची बाहेरची अंगं, ओतायचे आणि ते मॉडेल बोटी करणाऱ्यांना द्यायचे, इतकंच. आत काय बसवायचं ते ज्याचं त्याने बघावं. पण हल नेलेला माणूस आठवड्याभरात परत यायचा आणि विचारायचा, "मोटर कुठली घालू?" आम्ही ५४० आकाराची ब्रशवाली सांगायचो. फिरत्या भागाला वीज देणारे कार्बनचे ब्रश झिजायचे, ते जिथे घासतात तो कम्युटेटर काळा पडायचा, तरी बोट चालायची आणि तक्रार फारशी यायची नाही.

ब्रशलेस मोटरी आल्या तेव्हा आम्हाला वाटलं, झिजणारा भागच नाही, म्हणजे प्रश्न मिटला. तो मिटला नाही, उलट तिथूनच आमचं खरं शिक्षण सुरू झालं.

एका स्पीडबोटीत आम्ही २००० केव्हीची मोटर, तिचा वेग सांभाळणारा ६० अँपिअरचा स्पीड कंट्रोलर आणि तीन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी असा संच बसवून दिला होता. केव्ही म्हणजे मोकळ्या मोटरचे दर व्होल्टमागे मिनिटाला होणारे फेरे. बोट छान पळायची. मालकाला आणखी वेग हवा होता, म्हणून आम्हीच चार सेलची बॅटरी सुचवली. दुसऱ्याच फेरीत डेकखालून धूर. कंट्रोलर खराब निघाला असेल असं समजून आम्ही दुसरा लावला. तोही गेला.

मग करंट आणि व्होल्टेज मोजणारा वॅटमीटर घेतला, आणि त्याच्याशिवाय इतके दिवस काम कसं केलं याचं आजही वाईट वाटतं. तीन सेलवर करंट होता ४५ अँपिअर. चार सेलवर मीटर ७५च्या पुढे गेला. व्होल्टेज ११.१ वरून १४.८, म्हणजे फक्त एक तृतीयांशाने वाढलं होतं. पण पाण्यात पंखा फिरवायला लागणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो आणि शक्ती घनाने. मोटर बिचारी पंखा मागेल तेवढं ओढते, आणि जळतो तो कंट्रोलर. आम्ही ४० मिलिमीटरचा पंखा काढून ३६चा लावला, करंट पन्नाशीच्या आत आला. व्यासातला हा चार मिलिमीटरचा फरक हातात घेतला तर जाणवतही नाही.

त्या दिवसापासून आमचा क्रम उलटा झाला. आधी हल आणि त्याचं वजन, मग पंखा, मग बॅटरी आणि केव्ही, आणि कंट्रोलर सगळ्यात शेवटी, मोजलेल्या करंटच्या दीडपट क्षमतेचा. मोटरच्या नावातला ३६६० म्हणजे ३६ मिलिमीटर व्यास आणि ६० मिलिमीटर लांबी. पण या नावावरून तुमच्या बोटीला ती मोटर चालेल की नाही ते कळत नाही.

टगबोटीने वेगळाच धडा दिला. तिला वेग नको, धक्क्याला अलगद टेकणं हवं. त्यात वेगवान इनरनर, म्हणजे आतला भाग फिरणारी मोटर, घातली तर कमी थ्रॉटलला मोटर अडखळते, थरथरते. सेन्सर नसलेला कंट्रोलर रोटरची, म्हणजे फिरत्या भागाची, जागा ओळखतो ती मोटरमध्येच उलट तयार होणाऱ्या व्होल्टेजवरून, आणि हळू फिरताना ते जवळजवळ नसतंच. अशा बोटीला आम्ही कमी केव्हीची, जास्त पोल (चुंबकीय ध्रुव) असलेली आउटरनर, म्हणजे बाहेरचं कवच फिरणारी मोटर, देतो. अगदी संथ चाल हवी असेल तर आजही चांगली ब्रशवाली मोटर सुचवतो. त्यात मागासलेपण काही नाही.

विमानाचा कंट्रोलर बोटीत घालू नका, हे मात्र प्रत्येकाला सांगावं लागतं. त्यात बहुधा रिव्हर्स नसतो, आणि तो हवेच्या झोतावर थंड होण्यासाठी बनवलेला असतो. बंद हलमध्ये तो झोत कुठून येणार?

वायरीचंही तसंच. बॅटरी दूर ठेवायची म्हणून बॅटरीकडच्या वायरी लांबवल्या की व्होल्टेजचे झटके वाढतात आणि कंट्रोलरचे कपॅसिटर फुगतात. आमच्या बाकावर दुरुस्तीला आलेल्या कंट्रोलरांत हे वारंवार दिसलं. लांबवायच्याच असतील तर मोटरकडच्या तीन वायरी लांबवाव्यात. मोटर उलटी फिरली तर त्यातल्या कुठल्याही दोन अदलाबदल कराव्यात.

हल आजही आम्हीच ओततो. पण संच लावून दिलेली बोट आता पूर्ण भरलेल्या बॅटरीवर, पाण्यात, वॅटमीटर लावून चालवल्याशिवाय देत नाही. पंख्याचा व्यास, सेल आणि मोजलेला करंट लिहिलेली चिठ्ठी डेकच्या झाकणाला आतून चिकटवतो. पुढे कधी पंखा बदलावासा वाटला, तर झाकण उघडताच ती समोर येते.