सुदिरमानांची डोली

इंडोनेशियातल्या बोरोबुदूर स्तूपाच्या पायऱ्यांवरची सेल्फीवाल्यांची झुंबड आणि जकार्ताचं ट्रॅफिक सोसून झालं. त्यावर लिहावंसं काही वाटत नाही. लिहायचंय ते जकार्ताच्या सात्रियामंडला या लष्करी संग्रहालयातल्या डोलीबद्दल.

लाकडी बैठक आणि खांद्यावर घ्यायचे दांडे. रस्ता नसलेल्या आपल्या पाड्यांवरून आजारी माणसाला दवाखान्यात नेतात, तशीच. हिच्यात बसून मात्र आजारी माणूस लढाईवर गेला: इंडोनेशियाचे सरसेनापती जनरल सुदिरमान.

मुळात जावा बेटावरच्या चिलाचाप गावातल्या शाळेतले गुरुजी. नोव्हेंबर 1945 मध्ये सुराबाया शहरात, नुकतंच स्वातंत्र्य जाहीर केलेल्या इंडोनेशियाचं ब्रिटिश फौजेशी रणकंदन चालू होतं (त्या फौजेत आपली मराठा लाइट इन्फंट्रीही होती, हे मला आजही सलतं). त्याच दिवसांत सेनाधिकाऱ्यांनी मतदान करून त्यांना सेनापती निवडलं. वय अवघं 29. तीन वर्षांत क्षयाने गाठलं. एकाच फुप्फुसावर श्वास चालू होता. 19 डिसेंबर 1948 ला, आपली जुनी वसाहत परत घ्यायला निघालेल्या डचांचे पॅराट्रूपर तेव्हाच्या राजधानीवर, योग्याकार्तावर, उतरले. अध्यक्ष सुकार्नोंनी त्यांना शहरातच राहून उपचार घ्यायला सांगितलं. सुदिरमानांनी ऐकलं नाही. सुकार्नो आणि उपाध्यक्ष हट्टा पकडले गेले आणि हा माणूस अंथरुणातून उठून डोंगरात गेला.

योग्याकार्तातल्या बिंतारान भागातलं त्यांचं घर आता संग्रहालय आहे. आमच्या टूरवाल्याने बाटिकच्या दुकानात दोन तास काढले आणि या घराला दिली वीस मिनिटं! त्याचा राग अजून गेलेला नाही. ज्या खोल्यांतून ते निघाले, तिथे मला निवांत उभं राहायचं होतं.

पुढचे सात महिने रानोमाळ. केदिरी, विलिस डोंगराचे उतार, शेवटी पाचितानजवळचं सोबो गाव. मागे डच गस्ती पथकं, आणि डोली माणसांच्या खांद्यांवर. त्या दांड्यांकडे बघताना मला सेनापतीइतकेच ते खांदेकरी दिसत होते. पावसाळ्यात, चिखलातून, पकडले जाण्याच्या भीतीत एका क्षयरोग्याला वाहून नेणं सोपं नसतं.

10 जुलै 1949 ला ते योग्याकार्ताला परतले. सुकार्नोंनी त्यांना मिठी मारली तो फोटो प्रसिद्ध आहे. अंगात लांब ओव्हरकोट, गाल बसलेले. डिसेंबरात डचांनी सत्ता सोडली आणि साधारण महिन्याभराने, 29 जानेवारी 1950 ला, मागेलांग गावी त्यांचं निधन झालं. वय 34.

तुम्ही योग्याकार्ताला जाणार असाल तर टूरवाल्याला आधीच ठणकावून सांगा: बाटिक कुठेही मिळेल, बिंतारानच्या घराला अर्धा दिवस हवा.