शेवटचा भात

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव-जतकडच्या आमच्या घरांत भाताला मान होता, रोजचं काम मात्र नव्हतं. रोजचं काम शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या भाकरीचं. भात पाहुण्याला, लग्नात किंवा आजारी माणसाला. आजी तर बजावूनच सांगायची, "आधी भाकरी संपव, मग भात."

याच सांगली जिल्ह्यात शिराळा तालुका आहे, हे मला तसं उशिराच उमगलं. वारणेच्या खोऱ्यात, चांदोलीच्या बाजूला, पाऊस असा की जतकरांनी नुसता हेवा करावा. तिथं धूळवाफेचा पेरा चालतो. मे महिन्यात, वळवानंतर रान तयार करायचं आणि रोहिणीच्या आगेमागे कोरड्या मातीतच कुरीनं, म्हणजे पेरणीच्या अवजारानं, भात पेरायचं. तरवा (रोपवाटिका) नाही, चिखलणी नाही, लावणीला माणसं गोळा करायची धावपळ नाही. मोठा पाऊस उतरायच्या आत रोपानं मुळं धरलेली असतात. अर्थात सगळा खेळ पावसावर विश्वासून! 2025 मध्ये मान्सून 24 मेलाच केरळात आला, राज्यातही मे महिनाभर पाऊस पडला. वाफेला धूळ हवी, ती मिळणार कुठून? मग उरतो नेहमीचा तरवा आणि लावणी.

आपल्या ताटातला इंद्रायणी म्हणजे मावळातल्या वडगाव संशोधन केंद्राचं 1987 चं वाण. आंबेमोहराचा वास आणि 'आय.आर. 8' या भरघोस वाणाचं उत्पन्न यांचं लग्न लावून काढलेलं. ते 'आय.आर. 8' 1966 मध्ये फिलिपिन्समधून आलं. त्यानं नि त्याच्या भावंडांनी देशाचं चित्रच पालटलं. 1950-51 मध्ये देशात जेमतेम दोन कोटी टन तांदूळ पिकायचा, आता तेरा कोटींच्या वर. जगात विकल्या जाणाऱ्या तांदळातला सुमारे 40 टक्के आपला. जुलै 2023 मध्ये सरकारनं बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा भाव जगभर चढले.

मजा पुढं आहे. 2025-26 चा साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये आणि मालदांडी ज्वारीचा 3749. धान टरफलासकट मोजतात, हे मान्य. तरी गरिबाची म्हणून हिणवलेली भाकरी आता वरच्या भावात बसली आहे. आणि पाहुण्याचा तांदूळ 2023 पासून रेशनवर फुकट, माणशी पाच किलोपर्यंतच्या धान्यात. आजीचा भात-भाकरीचा सगळा हिशेबच उलटला!

दिवाळीनंतर शिराळ्याकडचा इंद्रायणी पोत्यानं येतो. नवा तांदूळ चिकट होतो, चार महिने मुरू दे, असं देणारा दरवर्षी सांगतो. आम्ही मान हलवतो आणि संध्याकाळी त्याचाच कुकर लावतो, वर आमटी आणि तुपाची धार.