पुस्तक होतं, ओपॅकनं शून्य दाखवलं

रावेरकडचे एक केळी उत्पादक आबा पुतण्याला घेऊन आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात आले. कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे, पोगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं पान, सडायला लागलेला. पुतण्यानं ओपॅकवर, म्हणजे वाचकांसाठीच्या संगणकीय तालिकेवर, ‘विषय’ निवडून ‘हरण्या’ हे रोगाचं गावाकडचं नाव टाकलं. शून्य. ‘सीएमव्ही’ (कुकुंबर मोझॅक व्हायरस, या रोगाचा विषाणू) टाकलं, तरी शून्य.

आबा म्हणाले, “ताई, जळगाव जिल्ह्यात राहून केळीच्या रोगावर पुस्तक नाही तुमच्याकडे?”

पुस्तक होतं. आबा ६३४.७७२ च्या, म्हणजे केळीच्या कपाटापुढे उभे होते. वनस्पतींच्या विषाणूंवरचं पुस्तक पलीकडच्या रांगेत ६३२.८ ला. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्युई वर्गीकरणात एका पुस्तकाला एकच जागा मिळते. पुस्तकाच्या नोंदीत विषयशीर्षकं, म्हणजे विषयांची ठरलेली नावं, असतात ती त्यासाठीच. मी पुस्तक काढून दिलं. कुकुंबर मोझॅक विषाणू मावा ही कीड पसरवते आणि काकडीवर्गीय वेलांवरही तो राहतो, हा परिच्छेद आबांनी पुतण्याकडून पुन्हा वाचून घेतला. त्यांच्या बागेच्या बांधाला गिलक्याचे वेल होते.

ते गेल्यावर मी अधिकृत शीर्षकांची फाइल उघडली; कोणतं नाव मान्य आणि त्याची दुसरी नावं कोणती, हे तिच्यात लिहिलेलं असतं. ‘कुकुंबर मोझॅक व्हायरस’ची नोंद तिथे व्यवस्थित होती. १५० क्रमांकाच्या रकान्यात मान्य शीर्षक, ४५० मध्ये ‘सीएमव्ही’ आणि ‘हरण्या’ ही पर्यायी नावं, ५५० मध्ये व्यापक विषय म्हणून ‘वनस्पती विषाणू’. पुस्तकांच्या नोंदी करणाऱ्या आमच्या निवृत्त तालिकाकार सरांनी हे हातानं भरलं होतं. इतकं नेटकं काम आज कुणी करत नाही. पण वाचकाचा शोध फक्त पुस्तकांच्या नोंदींत फिरतो, या फाइलकडे वळतच नाही. कोहा या आमच्या ग्रंथालय सॉफ्टवेअरमध्ये ४५० मधली नावंही शोधात घेण्याची सेटिंग आहे. आमच्याकडे ती बंद होती. बसवून देणाऱ्यानं बंद ठेवली आणि नंतर कुणी विचारलं नाही.

चार्ल्स कटर या अमेरिकी ग्रंथपालानं १८७६ मध्येच ‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’ यांचे नियम लिहून ठेवले. कार्डांच्या ड्रॉवरमध्ये ‘हरण्या’ उघडलं की ‘पाहा’चं कार्ड हाती लागायचं. संगणक आला आणि ते कार्डच वाचकासमोरून गेलं, याचा मला मनापासून राग येतो. ग्रंथालय समितीतले काही जण म्हणतात, गुगलसारखी एक शोधाची चौकट पुरे. चौकट शब्द जुळवते. शेजारचा विषय कोणता, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

विषयशोधानं आधी पुस्तकं दाखवूच नयेत. आधी शीर्षकांची यादी यावी, प्रत्येकापुढे किती पुस्तकं तो आकडा, चुकीच्या नावाखाली ‘पाहा’, आणि वरच्या विषयाकडे जायची वाट. कटर ही वरची वाट क्वचितच द्या म्हणतो, कारण असे सगळे संदर्भ देणं त्याला शक्य वाटत नव्हतं. संगणकाला ती अडचण नाही. आबांना नेमकी हीच वाट हवी होती: हरण्याकडून वनस्पती विषाणूंकडे.

सेटिंग सुरू करून पुन्हा इंडेक्सिंग केलं, म्हणजे शोधाची सूची नव्यानं बनवली. आता ‘हरण्या’ टाकलं की ते पुस्तक येतं. पण नोंदीमागे पैसे घेऊन डेटा एंट्री करणाऱ्यांनी शेतीच्या कितीतरी पुस्तकांवर सरसकट ‘कृषी’ एवढंच शीर्षक टाकलंय. ते कोणत्याही सेटिंगनं सुधारणार नाही. पुस्तक हातात घेऊन अनुक्रमणिका वाचावीच लागेल. सुरुवात ६३२ च्या रांगेपासून केली आहे.