डाईकचा व्हॉल्व्ह आधी बघा

जून आला की आमच्या एमआयडीसीत सगळे छतं, पत्रे, पंप बघतात, पण डिझेल टाकीच्या डाईकचा ड्रेन व्हॉल्व्ह कुणी बघत नाही आणि मला दरवर्षी तीच काळजी असते.

डाईक म्हणजे टाकीभोवतीची भिंत, टाकी फुटली तर सगळं तेल आत राहावं म्हणून. साधारण सगळ्यात मोठ्या टाकीच्या 110 टक्के माल मावेल एवढी ठेवतात. पण कोकणातल्या पावसात ती दोन दिवसांत पाण्याने भरते, मग कोणीतरी व्हॉल्व्ह उघडतो, पाणी जायला वेळ लागतो, शिफ्ट बदलते आणि व्हॉल्व्ह तसाच उघडा राहतो. त्या रात्री टँकरमधून तेल भरताना होज (पाइप) निसटला तर तेल सरळ पावसाळी गटारात, तिथून नाल्यात. आणि पाणी काढलंच नाही तर तेलाला जागाच उरत नाही, म्हणजे दोन्हीकडून पंचाईत.

गटाराचं महत्त्व बघायचं तर 2 जानेवारी 1988 ची अमेरिकेतली घटना बघा. पिट्सबर्गजवळ फ्लोरेफला ॲशलँड ऑइलची जवळपास दीड कोटी लिटरची डिझेल टाकी अचानक फाटली. टाकी दुसरीकडून काढून आणून पुन्हा उभारलेली, पत्रा जुना, आणि पूर्ण पाणी भरून टेस्ट केलेली नव्हती. तेलाचा लोंढा डाईकवरून उडाला, शेजारच्या जागेतल्या उघड्या गटारात शिरला आणि सुमारे 38 लाख लिटर मोनोंगाहेला नदीत गेलं, खालच्या गावांचं पिण्याचं पाणी बंद पडलं. ते गटार झाकलेलं असतं तर निदान बरंच तेल जमिनीवर अडलं असतं, असं मला अजूनही वाटतं.

आपल्याकडे डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग वादळाच्या पुरात चेन्नईच्या मनाली भागातल्या रिफायनरीकडून तेल एन्नोर खाडीत गेलं. मच्छीमारांच्या होड्या, जाळी सगळी काळी झाली, आणि लोक हाताने तेल उपसत होते, हे बघून खरंच वाईट वाटतं कारण ज्यांचा त्या तेलाशी काही संबंध नाही त्यांचंच पोट मारलं गेलं.

म्हणून सांगते, व्हॉल्व्ह कायम बंद, त्याला कुलूप, चावी शिफ्ट इनचार्जकडे. पाणी साचलं की आधी तवंग आहे का बघायचं, असला तर ते पाणी ऑइल वॉटर सेपरेटरला, म्हणजे तेल आणि पाणी वेगळं करणाऱ्या टाकीत, नसला तर माणूस तिथेच उभा राहून सोडेल आणि स्वतः बंद करून लॉगबुकात लिहील. टँकर रिकामा करायच्या आधी टाकीचा डिप घ्या, म्हणजे दांडी बुडवून आत किती तेल आहे ते मोजा, जागा किती आहे ते कळतं, आणि ड्रायव्हर केबिनमध्ये झोपलेला चालणार नाही.

सांडलंच तर पाइप लावून धुवू नका, साबण तर अजिबात नको. साबणाने तेल पाण्यात मिसळतं, मग ते सेपरेटरमध्ये वर तरंगत नाही, सरळ पुढे निघून जातं. आधी जवळच्या गटाराचं तोंड रबरी मॅटने बंद करा, मग वाळू किंवा भुसा टाका, बाहेरून आत. भिजलेला भुसा, चिंध्या हे हझार्डस वेस्ट, म्हणजे घातक कचरा आहे, लेबल लावलेल्या ड्रममध्ये भरून अधिकृत एजन्सीलाच द्यायचं, गेटबाहेरच्या कचऱ्यात नाही, बॉयलरमध्ये जाळायचं तर नाहीच.