फळ धरतं का?

थंडीतली दुपार होती. गाद्यांना ऊन दाखवायला गच्चीवर गेले, तर टाकीजवळच्या ड्रममधलं कोकम फुललेलं. आई आमसुलं घालायला बसली की बियांचा ढीग एका बाजूला पडायचा. त्यातली एक बी उचलून मी कधीतरी कुंडीत खुपसली होती. कुंडीचा पुढे ड्रम झाला, मधल्या काळात आई गेली, आणि आता हे. पानांच्या बेचक्यात पिवळसर-गुलाबी फुलांचे बारीक झुबके. चष्मा लावून वाकून पाहिलं. प्रत्येक फुलात पुंकेसरांची घट्ट गोळी, बाकी काही नाही.

नर निघालं.

कोकमात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. बी लावली तर साधारण निम्मी रोपं नर निघतात, आणि कुठलं कोण हे फूल येईपर्यंत कळायला मार्ग नाही. फूल यायला सात-आठ वर्षं सहज जातात. तेवढा धीर बागायतदाराला परवडत नाही, म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने चांगल्या मादी झाडाची कलमं करून ‘कोकण अमृता’ नावाने दिली. आता शहाणी माणसं कलमच आणतात. आणि मादी झाडांच्या बागेत थोडी नर झाडंही मुद्दाम ठेवतात. तेवढाच त्यांना मान.

खाली येऊन ही बातमी दिली. ह्यांनी पेपरातून मान वर न काढता विचारलं, “म्हणजे फळ नाही धरायचं?”

फळ धरतं का, हा प्रश्न माझ्या डोक्यात जातो. टाकी साफ करायला आलेला माणूस विचारतो, डिशची वायर बघायला आलेला विचारतो, भिशीच्या बायका तर चार जिने चढून, धापा टाकत, तेवढं विचारायला वर येतात. मोगऱ्याला कोणी विचारत नाही की बाबा तुझं पुढे काय. पण ड्रममध्ये चिकू दिसला की लगेच चौकशी. किती वर्षं झाली, किती लागले, गोड आहेत का. “अजून नाही” म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते मी लग्नानंतरची काही वर्षं दारात आलेल्या प्रत्येक बाईच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे. असो.

आमच्या गच्चीवर सगळं एकेक आहे. ठाण्याच्या नौपाड्यातली जुनी इमारत, लिफ्ट नाही. निळे प्लास्टिकचे ड्रम मधोमध कापून आणायचे, बुडाला भोकं पाडायची, विटांवर ठेवायचे, लाल माती, कोकोपीट, शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. ओली माती भरलेला अर्धा ड्रम शंभर किलोच्या वरच जातो, म्हणून सगळे तुळईच्या रेघेवर मांडलेत. दर वार्षिक सभेत स्लॅबच्या गळतीचा विषय निघाला की सगळी डोकी माझ्याकडे वळतात. गळती गच्चीच्या दुसऱ्या टोकाला आहे, पण ते इतिवृत्तात कोणी लिहीत नाही.

तर, कालीपत्ती चिकू एक. त्याचं कलम खिरणीच्या खुंटावर बांधलेलं असतं. सांध्याच्या खालून धुमारा आला की तो खिरणीचा, चिकूचा नव्हे. तो नखानेच खुडायचा. आम्रपाली आंबा एक. दशहरी आणि नीलमचा हा संकर मुळात बुटका, म्हणून ड्रममध्ये राहतो. हापूसला ड्रममध्ये डांबायला माझा हात धजत नाही. सीताफळ, रामफळ, पेरू, कमरख, जाम, पपनस, कागदी लिंबू. ॲन्टेनाच्या जुन्या खांबावर पॅशन फ्रूटचा वेल. सिमेंटच्या खांबाला बांधलेलं ड्रॅगन फ्रूट, ज्याचं फूल रात्री उमलतं आणि सकाळी ऊन चढलं की मलूल होतं. ते बघायला मी रात्री टॉर्च घेऊन वर गेले तेव्हा खालच्या वॉचमनने शिट्टी वाजवली होती. आणि सावलीत, सगळ्यांच्या मागे, मँगोस्टीन. घोडबंदर रोडवरच्या नर्सरीवाल्याने “मॅडम, तीन साल में फल” अशी छातीठोक हमी देऊन ते माझ्या गळ्यात मारलं. आहे कोकमाच्याच गोत्रातलं, पण घाई कशाशी खातात हे त्याला ठाऊक नाही. दोन पानं काढतं आणि पुन्हा विचारात पडतं.

एकाच जातीची दहा झाडं का नाही लावत, असंही विचारतात. दहा आंबे लावले की मे महिन्यात आंब्याखाली चिरडायचं आणि जूनपासून तोंड बघत बसायचं. एकेक असलं की वर्ष नीट सरकतं. थंडीत चिकू नि पेरू, होळीच्या आसपास रामफळ, एप्रिलात जाम, मग आम्रपाली, ती थोडी उशिराच येते. जून लागला की येऊरच्या डोंगरातल्या बायका स्टेशनजवळ पानांच्या द्रोणात जांभळं घेऊन बसतात. ती झाडं माझी नाहीत, पण मी ती माझ्याच वर्षात धरते. पावसात ड्रॅगन फ्रूट, गणपतीला पपनस, दसऱ्याच्या सुमाराला सीताफळ. फळं किती? बाजारात नेऊन मांडली तर कोणी दर विचारणार नाही इतकी. जांभळी नाक्यावर सगळं मिळतं आणि स्वस्त मिळतं, हे मला घरातूनच अधूनमधून ऐकवलं जातं.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा आक्षेप वेगळा आहे. ते संध्याकाळी वर फिरायला येतात, मँगोस्टीनसमोर थांबतात आणि म्हणतात, “वहिनी, आपल्या मातीतली झाडं लावा. हे परदेशी कशाला?” एकदा हे बोलताना त्यांच्या हातात माझ्याच झाडाचा पेरू होता, तिखटमीठ लावलेला. मी म्हटलं, काका, पेरू अमेरिका खंडातून आलाय. चिकू, पपई, अननस, काजू, तुमचं उपासाचं सीताफळ, सगळं तिकडचं. त्यांनी पेरू फिरवून पाहिला आणि ठामपणे म्हणाले, “हा अलाहाबादचा आहे.”

त्यावर काय बोलणार? आणि नर्सरीवाले हल्ली ‘बारमाही आंबा’ म्हणून जे रोप काहीतरी थाई चमत्कार असल्यासारखं विकतात, त्याचं काकांना फार कौतुक. हापूस-पायरी सोडून असलं कुठे मिळतं, म्हणतात. गार्सिया द ऑर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्याकडे सोळाव्या शतकात मुंबई बेट भाडेपट्ट्याने होतं. 1563 साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात नोंद आहे की मुंबईतल्या त्याच्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येतं. म्हणजे खाडीपलीकडे, साडेचारशे वर्षांपूर्वी, कुणीतरी असंच एकेका झाडापाशी उभं राहून पाहुण्याला सांगत होतं की माझ्याकडे एक आहे, बघायचंय? बेट गेलं, भाडेपट्टा गेला, पण हौस मला ओळखीची वाटते. पाहुण्याने त्याला काय विचारलं असेल तेही मी सांगू शकते.

एकेक झाडाचं वेड आलं कुठून म्हणाल तर माहेरून, ठाण्यातल्याच चरईतून. आमच्या चाळीच्या मागे एक विहीर होती, तिच्या काठाने एक शेवगा, एक लिंबू, एक पपई, केळीचं एक बेट आणि एक रायआवळा. बाग असं तिला कोणी म्हणत नव्हतं. मागे झाडं होती, एवढंच. रायआवळा तळमजल्यावरच्या काकूंचा. मे महिन्यात त्याची फांदी दिसायची नाही, इतके फिक्या पिवळ्या आवळ्यांचे घोस थेट लाकडालाच लगडलेले असायचे. चढायची सोय नाही. रायआवळा आणि शेवगा, दोन्ही ठिसूळ, पाय ठेवला की कडकन मोडणार, हे आम्हाला पाळण्यात सांगितलेलं. काकू दुपारी मागच्या दारात खुर्ची टाकून राखण करायच्या, म्हणजे झोपायच्या. मग दोघांनी फांदी हलवायची, तिघांनी खाली काहीतरी धरायचं. फ्रॉक धरला तर आवळे कमी आणि मुंग्या जास्त. एका मे महिन्यात कुणाला तरी छत्री सुचली. उघडून उलटी धरली. पहिल्याच हिसक्याला धो धो आवळे, काळ्या कापडावर टपाटप. त्या आवाजाने काकू जाग्या झाल्या. आम्ही पळायच्या तयारीत. काकू ओरडल्या, “अरे मेल्यांनो, ती माझी छत्री आहे!”

आवळ्यांबद्दल एक अक्षर नाही. छत्रीची एक काडी वाकली होती, ती सरळ करत बसल्या, आणि आम्ही तिथेच त्यांच्या पायरीवर बसून, कागदातलं मीठ लावून, दात आंबेपर्यंत आवळे खाल्ले. त्या झाडाला फळ धरतं का, हे तेव्हा कोणाला विचारावं लागलं नव्हतं, हे मात्र मान्य करायला हवं.

रायआवळा मी ड्रममध्ये लावलेला नाही. जागा नाही, हे कारण सांगते.

सीताफळाची एक गंमत आहे. त्याचं फूल आधी मादी असतं आणि मग नर होतं. दोन्ही एकाच वेळी नाही. अर्धवट उमललेलं असताना ते पराग घ्यायला तयार असतं, पूर्ण उघडलं की पराग देऊ लागतं. रानात हे काम बारीक भुंगेरे करतात. गोखले रोडच्या मागच्या चौथ्या मजल्यावर भुंगेरे कुठून यायचे? म्हणून उन्हाळ्यात संध्याकाळी उघड्या फुलांतले पराग फोटोच्या रिळाच्या जुन्या डबीत गोळा करायचे आणि सकाळी चहाच्या आधी, चित्रकलेच्या बारीक ब्रशने, अर्धवट उमललेल्या फुलांत फिरवायचे. पाकळ्या जाडजूड, हिरव्या, जराही दिखाऊ नाहीत. धरलंच तर फळ गोल येतं, नाहीतर एका अंगाने चपटं. ब्रश सगळीकडून फिरला नाही याची ती पावती. ह्यांना हा सगळा प्रकार जरा लाजिरवाणा वाटतो. निदान शेजारच्या इमारतीतून दिसणार नाही असं कर, म्हणतात.

खालच्या आवारातल्या फणसाला अशी मदत लागत नाही. त्याचे नर आणि मादी दोन्ही कोंब एकाच झाडावर. नर कोंब काम संपलं की काळे पडून, बुरशी धरून गळतात, आणि दरवर्षी कोणीतरी ते उचलून सेक्रेटरीकडे नेतं की फणस कुजतोय, औषध मारा. औषधाचं म्हणाल तर मी ते कशावरच मारत नाही. लिंबाच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेचा ठिपका दिसतो, तो खरं म्हणजे फुलपाखराची अळी असते. आठवड्यात झाड निम्मं बोडकं करते. करू दे. लिंबं पाच रुपयाला एक झाली तेव्हाही मी तिला काही बोलले नाही.

आमची इमारत पुनर्विकासाला गेली आहे. नौपाड्यात कोणाची गेली नाही? मागच्या महिन्यात एक मुलगा टेप आणि पिवळा रंग घेऊन आला, आवारातल्या झाडांचे घेर मोजले, खोडांवर आकडे टाकले. 1975 च्या कायद्याप्रमाणे स्वतःच्या आवारातलं झाड पाडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, त्यासाठी ही मोजणी. आंबा, फणस, जांभूळ, नारळ. मी त्याला म्हटलं, वर गच्चीवर पण आहेत. तो वर आला बिचारा, सगळीकडे फिरला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “मॅडम, ही कुंडीतली. ही मोजत नाहीत.” जाताना विचारलंनच, यांना फळ धरतं का.

मग बिल्डरच्या ऑफिसात सादरीकरण झालं. मोठ्या पडद्यावर बावीस मजली इमारत, पोडियमवर हिरवळ, हिरवळीवर धावणारी गोरी मुलं आणि चहूबाजूंनी पाम. मी हात वर करून विचारलं, एखादं फळझाड का नाही? लँडस्केपवाली मुलगी फार सौजन्याने बोलली. फळं पडतात, गाड्यांवर डाग पडतात, पोरं दगड मारतात, रात्री वटवाघळं येतात, मग तक्रारी. त्यामुळे कुठल्याच प्रोजेक्टमध्ये देत नाही, म्हणाली. कोणीतरी मागून “बरोबर आहे” म्हणालं. दुसऱ्या मजल्यावरचे काका होते. जांभळाचा डाग खरंच जात नाही, त्यांची गाडी झाडाखालीच उभी असते.

गच्ची तिथे सगळ्यांची आणि कोणाचीच नाही. वर सोलर पॅनल. बाल्कनीत एक ड्रम मावेल, फार तर दोन. कुठले, ते मी अजून ठरवलेलं नाही आणि ह्यांनी विचारलेलं नाही.

सही मी केली. कार्पेट एरिया वाढतोय, भाडं मिळतंय, आणि चार जिने चढताना गुडघे काय बोलतात ते माझं मला माहीत. लिफ्ट हवीच होती. त्या लिफ्टमधून मातीचा ड्रम नेऊ देतील का, हे मात्र सादरीकरणात विचारायचं राहिलं.