नाटक कॅन्सल करायला आलेली पोरं

मी वडसाला एका झाडीपट्टी, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटक कंपनीत बुकिंग बघतो. कागदोपत्री गाव देसाईगंज, पण इकडे सगळे वडसाच म्हणतात. भाऊबीजेपासून होळीपर्यंत आमचा सीझन. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, गावोगाव मंडईची जत्रा नाहीतर शंकरपटाची बैलशर्यत असली की रात्री दहाच्या सुमारास पडदा वर जातो तो पार उजाडेपर्यंत.

त्या दिवशी दुपारी एका गावच्या मंडळाची चार पोरं आली, विशी-बाविशीतली. पाणी प्यायले, एकमेकांकडे पाहिलं आणि एक म्हणाला, "भाऊ, यंदा नाटक नाई पायजे. तारीख कॅन्सल करा, आमी डान्सवाले आणतो."

मला धस्सच झालं. कारण या गावाची तारीख मी रजिस्टरला आठ वर्षं लिहितोय, मधलं २०२० चं कोरोनाचं वर्ष तेवढं सोडलं तर. कारण विचारलं तर समजलं, मागच्या साली अवकाळी पाऊस आला, बसायला म्हणून शामियान्यात जमीन उतरती खोदली होती तिथं गुडघाभर पाणी साचलं, तिकिटं गेली नाहीत आणि मंडळाचा तोटा पोरांनी धान विकून भरला. आता सांगा, त्यांना काय बोलणार? चूक त्यांची नव्हतीच.

२०२३ ला आमच्या झाडीपट्टीच्या नटाला, परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा अख्ख्या झाडीला आनंद झाला, मलाही झाला, पण आमची तारीख शेवटी गावातलं मंडळच बुक करतं, ते थकलं तर कंपनी कितीही मोठी असो, नाटक लावायचं कुठं? आणि नाटकाची ती एक रात्र नुसती करमणूक नसते हो. त्या दिवशी लेकी-जावई येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, पोरगी बघायचा कार्यक्रम त्यातच उरकतो, कितीतरी सोयरिकी नाटकाच्या निमित्ताने जुळलेल्या मी स्वतः पाहिल्यात. डान्स शो दोन तासांत आटोपतो, त्याच्यासाठी भंडाऱ्याहून मामा मुक्कामाला येईल का?

हे सगळं आतल्या खोलीतून आमचे प्रॉम्प्टर काका ऐकत होते. पासष्टीच्या पुढचे आहेत. आमच्याकडे रोज वेगळं गाव, वेगळं नाटक, तालमीला वेळच नसतो, त्यामुळे सगळं नाटक विंगेत बसलेल्या या माणसाच्या आवाजावर चालतं. ते बाहेर आले आणि पोरांना म्हणाले, "तुमचे आजे सोताच काम करत, फक्त बाया बाहेरून आणत. तुमी काहून नाई करत?"

पोरं हसली. मग हसता हसता गप्प झाली.

तासाभरात ठरलं. स्टेज, संगीत, लाईट, प्रॉम्प्टर आणि दोन महिला कलाकार आमच्या, बाकी सगळी कामं गावच्या पोरांची. खर्च बराच खाली आला. मालकांना मी फोनवरच पटवलं, जरा भांडलोही. धान कापणी चालू होती, तरी काका पंधरा दिवस रोज संध्याकाळी त्या गावी जाऊन तालीम घ्यायचे. त्यांची ती जुनी वही, कोपऱ्यांना तेलाचे डाग, पानं दोऱ्याने शिवलेली, पोरं तिचे मोबाईलवर फोटो काढून आपापलं पाठ करायची.

नाटकाच्या रात्री मी मुद्दाम गेलो. थंडी कडक होती, बाया पोराबाळांसकट ब्लँकेटं घेऊन बसलेल्या. खलनायक झालेला पोरगा पहिल्याच वाक्याला अडकला. काकांनी विंगेतून शब्द टाकला तरी तो तसाच उभा. मग पुढच्या रांगेतून त्याची आई जोरात ओरडली, "बोल ना बापू!" आणि तो असा सुटला की तिसऱ्या अंकात लोक त्याला खरोखरच शिव्या द्यायला लागले. पहाटे साडेचारला पडदा पडला तेव्हाही शामियाना भरलेलाच होता.

त्यानंतर आणखी दोन गावांनी अशाच नाटकाची चौकशी केली. अडचण एकच, काका एकटे किती गावं करणार? पण परवा विंगेत डोकावलो तर तोच खलनायकवाला पोरगा त्यांच्या बाजूला बसलेला. बॅटरी काकांच्या हातात, वही त्याच्या मांडीवर, आणि पान तो उलटत होता.